मुलाला फ्रॅटर्निटीत जाऊ द्यावं का? – एका सांगलीकर ‘ब्रदर’चं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या एका ताईंचा मुलगा अमेरिकेत, इलिनॉयमध्ये, बी.एस.च्या पहिल्या वर्षाला आहे. त्याला एका फ्रॅटर्निटीकडून ‘बिड’ आली आहे, म्हणजे ‘आमच्यात ये’ असं रीतसर बोलावणं. फ्रॅटर्निटी म्हणजे इथल्या कॉलेजांतल्या मुलांची, शपथ घेऊन बांधलेली संघटना: पोरं एका घरात राहतात, एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणतात, आणि नाव ग्रीक अक्षरांचं असतं. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. मुलगा म्हणतो, नोकरीसाठी ओळखी होतील. वडील म्हणतात, ते दारूचे अड्डे आहेत. ताईंनी मला विचारलंय: ‘तुम्ही स्वतः अशा घरात राहिलात, पुढे पंचवीस वर्षं त्या घराच्या मंडळावर होतात. नोकरी, संसार, देवधर्म या तिन्हींत त्याचा फायदा झाला की तोटा? गुळमुळीत उत्तर नको.’

ताई, मग आधी हिशेबच मांडतो. पहिली नोकरी मिळाली ती त्या घरामुळे. संसारात त्या घरावरून जितकी भांडणं झाली तितकी पैशावरूनही झाली नाहीत. देवाच्या बाबतीत काय झालं ते मला अजूनही धड सांगता येत नाही, पण बघतो प्रयत्न करून.

त्याआधी एक घोळ निस्तरू. ग्रीक अक्षरं दिसली की आपल्याकडचे आईबाप सगळं एकाच पोत्यात भरतात. या प्रकारातली सगळ्यात जुनी संस्था फाय बीटा कापा. ती 5 डिसेंबर 1776 ला व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाली, तेव्हा गुप्त मंडळ म्हणून. आज ती निव्वळ हुशारीचा मान आहे. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी तसाच मान म्हणजे 1885 ची ताऊ बीटा पाय. तिसऱ्या वर्षाच्या वर्गातल्या वरच्या एक अष्टमांशात असाल तर तिचं बोलावणं येऊ शकतं. ते आलं तर पेढे वाटा, विचार करत बसू नका. तुमच्या मुलाला आलंय ते वेगळं. ती ‘सोशल’ फ्रॅटर्निटी. तिला घर असतं, स्वयंपाकघर असतं, शपथ असते, महिन्याचं बिल असतं. जुन्यांपैकी बऱ्याच संस्थांच्या घटनेत एके काळी गोऱ्या ख्रिश्चनांनाच प्रवेश असं कलम होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ती कलमं एकेक करून गळाली. ज्यांना दार बंद होतं त्यांनी आपापली घरं काढली: ज्यू मुलांनी 1898 मध्ये झीटा बीटा टाऊ, कृष्णवर्णीय मुलांनी 1906 मध्ये कॉर्नेलला अल्फा फाय अल्फा. आपल्याकडच्या मुलांचीही निघाली, पण फार उशिरा. बिंगहॅम्टनला 1994 मध्ये आयोटा नू डेल्टा, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 1996 मध्ये सिग्मा बीटा ऱ्हो, ऑस्टिनला 1998 मध्ये डेल्टा एप्सिलॉन साय. माझ्या वेळी यातलं काहीच नव्हतं. माझ्या घरात 46 पोरं होती आणि त्यांतला हिंदू मी एकटा.

मी 1961 चा. बारावी सांगलीत केली आणि 1979 च्या ऑगस्टमध्ये अर्बाना-शँपेनला, इलिनॉय विद्यापीठात, सिव्हिलला आलो. धाकटे काका तासाभरावर डिकेटरला डॉक्टर होते, 1965 च्या इमिग्रेशन कायद्यानंतर इकडे आलेल्या पिढीतले. त्यांच्याच जिवावर आलो. फ्रॅटर्निटीत का गेलो याचं खरं कारण सांगायला लाज वाटते: जेवण. रविवारी संध्याकाळी डॉर्मची मेस बंद असायची आणि नव्या मुलांना गोळा करायच्या दिवसांत, म्हणजे ‘रश’मध्ये, ही घरं फुकट जेवायला घालायची. माझा रूममेट मला ओढून घेऊन गेला. मी मीटलोफ, म्हणजे खिम्याचा भाजलेला वडीसारखा प्रकार, खात नाही हे तिथल्या स्वयंपाकीणबाईंच्या लक्षात आलं आणि काही न विचारता त्यांनी मला चीज घालून भाजलेला ब्रेड आणून दिला. पुढची साडेतीन वर्षं त्या माझं ताट वेगळं काढत होत्या. बिड आली तेव्हा मी ‘हो’ म्हणालो ते त्या ब्रेडला.

झोपायची तऱ्हा ऐकून आई महिनाभर काळजीत होती. अभ्यासाच्या खोल्या वेगळ्या, पण झोपायला वरच्या मजल्यावर एकच मोठा हॉल. त्याला ‘कोल्ड डॉर्म’ म्हणायचे. दुमजली पलंग ओळीने लावलेले आणि खिडक्या उघड्या, जानेवारीतसुद्धा! कानटोपी घालून, दोन रजया घेऊन झोपायचं. सांगलीत माडीवर सगळे भावंडं एका सतरंजीवर झोपायचो, त्यामुळे गर्दीचं मला काही वाटलं नाही. अमेरिकन पोरांनाच पहिला महिना जड जायचा. सोमवारी टाय लावून जेवण, मग दार बंद करून सभा. आईने कुणाबरोबर तरी भडंग पाठवलं की ते दारातच संपायचं. ‘सांगली पॉपकॉर्न’ म्हणायचे त्याला.

आता नोकरी. मुलगा ‘ओळखी होतील’ म्हणतो ते खरं आहे, पण त्या कशा होतात ते माझ्या बाबतीत घडलं तसं सांगतो.

1981-82 ला घराची व्यवस्था माझ्याकडे होती: दुरुस्त्या, गॅसचं बिल, बर्फ काढणं. डिसेंबरच्या सुट्टीत पोरं घरी गेली. काका-काकू चुलतबहिणीच्या लग्नासाठी भारतात गेले होते, त्यामुळे मी त्या तीन मजली घरात एकटा. बिल वाचवावं म्हणून मी थर्मोस्टॅट पार खाली आणून ठेवला. आपण सांगलीचे, रिकाम्या खोल्या तापवायच्या कशाला? 10 जानेवारीला शिकागोत उणे 26 फॅरनहाइट नोंदलं गेलं, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे 32. तोवरची तिथली सगळ्यात मोठी थंडी. आमचं गाव तिथून सव्वाशे मैलांहून जास्त दक्षिणेला, पण लाट तीच. रात्री मला भिंतीतून पाण्याचा आवाज आला. वर जाऊन बघतो तर तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघराची पाइप फुटलेली, पाणी जिन्यावरून पायऱ्या मोजत खाली येतंय, आणि खालच्या दोन पायऱ्यांवर त्याचा बर्फ होतोय.

मेन व्हॉल्व्ह तळघरात, होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या, सजावटीच्या खोक्यांमागे. चाक गंजून घट्ट बसलेलं. दोन्ही हातांनी हलेना. भिंतीवर पॅडल टांगलेली असायची. पॅडल म्हणजे वल्ह्यासारखी लाकडी फळी. नवा मुलगा ती घासूनपुसून, अक्षरं रंगवून आपल्या ‘बिग ब्रदर’ला, म्हणजे त्याला सांभाळायला नेमलेल्या जुन्या सदस्याला, देतो. मोठ्या मानाची वस्तू, तिला हात लावायचा नाही. मी त्यातली एक काढली, चाकाच्या आऱ्यांत घातली आणि अंग टाकून दाबली. पहिल्यांदा फळीच चिरली. दुसरी घातली, तेव्हा चाक फिरलं.

फोनजवळ भिंतीवर एक नंबर लिहिलेला होता. घराची मालकी माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाकडे असते, त्याला हाउस कॉर्पोरेशन म्हणतात. तो नंबर त्यांच्या खजिनदाराचा. पन्नाशीचे गृहस्थ, ब्लूमिंग्टनला राहायचे, पन्नास मैलांवर. पहाटे चार वाजता आले, गाडीत केरोसीनचा हीटर आणि पाइप कापायची हत्यारं. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी मिळून फुटलेला तुकडा बदलला. काम संपल्यावर त्यांनी विचारलं, थर्मोस्टॅट किती होता? मी आकडा सांगितला आणि मीच खाली केला हेही सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चिरलेल्या पॅडलकडे बघून मात्र खूप हसले. ती त्यांच्याच काळातली होती.

1983 च्या मे महिन्यात मी पास झालो. बाजार पार बसलेला. आदल्या डिसेंबरात बेकारी 10.8 टक्क्यांवर गेली होती, आणि परदेशी विद्यार्थ्याला कोण उभं करणार? याच गृहस्थांनी शिकागोतल्या आपल्या एका ओळखीच्यांना पत्र लिहिलं. त्यात माझ्या मार्कांविषयी चकार शब्द नव्हता. ‘हा मुलगा चूक झाली की सांगतो, आणि वाट न बघता व्हॉल्व्ह बंद करतो’ एवढंच. काम होतं डीप टनेलचं. शिकागोत पावसाचं आणि गटाराचं पाणी एकाच नळातून जातं. जोराचा पाऊस झाला की ते नदीत आणि लोकांच्या तळघरात शिरायचं. म्हणून शहराच्या पोटात, दीडशे ते तीनशे फूट खाली, चुनखडीच्या खडकात बोगदे खणायचं 1975 पासून चाललं होतं. काही बोगद्यांचा व्यास 33 फूट. मी त्यांच्या तपासणीवर. 109 मैलांचे बोगदे पुरे व्हायला 2006 उजाडलं, पाणी साठवायचा थॉर्नटनचा तलाव 2015 मध्ये चालू झाला. माझी उभी नोकरी त्या पाण्यात गेली असं म्हणा. जमिनीखालचं बांधकाम मी पहिल्यांदा पाहिलं तेही शँपेन-अर्बानातच. तिथे 1876 पासून प्रयोगाचा मका लावतात तो तुकडा विद्यापीठाच्या मधोमध आहे. त्याच्यावर सावली पडू नये म्हणून शेजारची लायब्ररी जमिनीखाली बांधली. ही गोष्ट मी सांगलीत सांगितली तेव्हा कुणालाच खरी वाटली नाही.

तर हे ओळखीचं. बिल्ला दाखवून कुणी नोकरी दिली नाही. त्या गृहस्थांनी मला रात्री ओल्या चपलांत बघितलं होतं म्हणून दिली. त्या पत्राला मी नेहमीच जागलो असंही नाही. पुढच्या चाळीस वर्षांत कामावरच्या दोन चुका मी झाकल्या. कुणाचं नुकसान झालं नाही, पण झाकल्या हे खरं.

आता तुमच्या यजमानांच्या भीतीकडे येतो. ती खोटी नाही.

नव्या मुलांचा जो काळ असतो, ‘प्लेज’चा, त्यात छळाच्या चालीरीती असतात. त्याला इथे हेझिंग म्हणतात. मला ओळीत उभं करून, पेटती काडी बोटात धरून, ती विझायच्या आत ग्रीक अक्षरं म्हणायला लावली होती. बोट भाजलं, हसू झालं, मीही हसलो. पुढच्या वर्षी, 1981 च्या नोव्हेंबरात, मी दुसऱ्या बाजूला होतो. रात्री दोनला चार नव्या पोरांना उठवलं, डोळे बांधले, गाडीत घातलं आणि कापणी झालेल्या मक्याच्या शेतात आठ मैलांवर सोडलं. अंगात कोट नाहीत. गाडी माझी नव्हती, मी मागच्या सीटवर नकाशा धरून बसलो होतो. कुठे वळायचं ते मी सांगत होतो. तिघं उजाडता उजाडता परत आले, त्यांना आम्ही कॉफी पाजली, मिठ्या मारल्या. चौथा दक्षिण इलिनॉयच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. तो आलाच नाही. कुणाच्या तरी ट्रकने थेट त्याच्या डॉर्मवर गेला. दुसऱ्या दिवशी एक लिफाफा आला, आत त्याची प्लेजची पिन. चिठ्ठी नव्हती.

मी पुढे मंडळावर आलो तेव्हा त्याचा पत्ता शोधला. माजी सदस्यांच्या यादीत तो नव्हता. असणार कसा? शपथेआधी जो जातो त्याचं नाव कुठेच राहत नाही. गेली चाळीस वर्षं आम्ही जमतो, जुन्या गोष्टी काढतो, आणि तिथे कधीच कुणी असं नसतं ज्याला त्या गोष्टी आवडल्या नव्हत्या.

आमच्या हातून कुणी मेलं नाही हे निव्वळ नशीब. 2017 मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात टिमोथी पिआझा हा 19 वर्षांचा मुलगा दारू पाजल्यावर जिन्यावरून पडला, आणि कित्येक तास त्या घरातल्या कुणी अँब्युलन्स बोलावली नाही. तो वाचला नाही. आपल्यासारख्यांच्या घरात असं होत नाही अशी समजूत करून घेऊ नका. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजातला मायकेल डेंग गेला तो आशियाई मुलांच्याच फ्रॅटर्निटीत, पोकोनोच्या डोंगरात डोळे बांधून केलेल्या ‘खेळा’त. यानंतर राज्याराज्यांनी कायदे कडक केले. डिसेंबर 2024 मध्ये देशपातळीवर ‘स्टॉप कॅम्पस हेझिंग अ‍ॅक्ट’ आला. त्याप्रमाणे विद्यापीठांना कुठल्या संस्थेवर हेझिंगचा ठपका आला, काय कारवाई झाली, हे वेबसाइटवर जाहीर करावं लागतं. ते पान उघडून त्या संस्थेचं नाव शोधा. मुलाला शोधायला सांगू नका, तुम्ही शोधा.

संसाराचं सांगतो म्हणालो होतो.

लग्न 1987 ला झालं. बायको मिरजेची. ‘ब्रदर’ या शब्दाशी तिचं पहिल्या दिवसापासून वाकडं. तिचं म्हणणं सरळ होतं: सख्खा भाऊ सांगलीत, त्याला महिन्याला एक फोन, तोही घड्याळ बघत. आणि या गोऱ्या भावांचा वाढदिवस तोंडपाठ. मी वाद घालायचो, पण 1989 नंतर तोंड उघडायची सोय राहिली नाही. त्या मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न सांगलीला आणि माझ्या बिग ब्रदरचं लग्न आयोवात, एकाच आठवड्यात. मी आयोवाला गेलो. घरी कळवलं की ग्रीन कार्डाचं काम मध्यावर आहे, बाहेर पडलो तर परत यायची अडचण. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं की मी तिकडे शब्द दिला होता, सूट शिवला होता, आणि तिकडे जाणं सोपं होतं. दादाने लग्नाची कॅसेट पाठवली. बरोबर दोन ओळी असतील म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलं. काही नव्हतं.

आता याची दुसरी बाजू. 1992 च्या फेब्रुवारीत वडील गेले. आमची मुलगी चार दिवसांची होती, सिझेरियन झालेलं, मी हलू शकत नव्हतो. सोयर आणि सुतक एकदमच आलं. माझा तो आयोवावाला बिग ब्रदर तोवर शिकागोजवळ राहायला आला होता. कडवा लुथेरन, दर रविवारी चर्चला जाणारा. बातमी कळल्यावर तासाभरात दारात हजर, हातात ट्यूनाचं कॅसरोल. कुणी गेलं की तिकडे शेजारीपाजारी असंच शिजवून आणतात. सुतकात मासा! बायकोने ते भांडं घेतलं, गॅरेजमध्ये ठेवलं आणि त्याला दारातच समजावून सांगितलं की आमच्यात दहा दिवस कुणी कुणाला शिवायचं नसतं. तिला वाटलं तो गेला. दुसऱ्या संध्याकाळी बर्फ खरडल्याचा आवाज आला म्हणून पडदा सारला, तर हा आमचा ड्राइव्हवे साफ करतोय. दहा दिवस रोज आला, कामावरून सुटल्यावर, चाळीस मिनिटं गाडी चालवून. एकदाही बेल वाजवली नाही. शिवायचं नाही म्हटलं होतं ना. तेराव्याला आत बोलावलं तेव्हा त्याने बूट कुठे काढायचे ते विचारलं, आणि बायकोने त्याला पहिल्यांदा ‘भाऊजी’ म्हटलं. पुढे भांडताना ती त्याला नेहमी वगळायची.

बाकी भांडणं चालूच राहिली आणि बहुतेकांत ती बरोबर होती. मंडळावर असताना महिन्यातून दोनदा मी शँपेनला जायचो, जाऊन-येऊन पाच तास. घराचं छप्पर, आगीचे स्प्रिंकलर, विम्याचे हप्ते. फ्रॅटर्निटीचं घर चालवणं म्हणजे निम्मं काम विमा कंपनीशी बोलणं. त्यात मुलीची गॅदरिंगं गेली. ती कॉलेजला गेली तेव्हा मी सहज विचारलं, सॉरॉरिटीत, म्हणजे मुलींच्या अशाच संघटनेत, जाणार का? ती म्हणाली, ‘बाबा, तुमच्या त्या घरात मुलींना पार्टीला कसं बोलावतात ते तुम्हाला कधी खटकलं नाही?’ खटकलं होतं, पण मी सभेत तो विषय कधी काढला नव्हता. तेही तिला सांगितलं नाही.

देवाचं आता. शपथविधीचं आतलं सांगणार नाही, तसा शब्द दिला आहे. पण इतकं सांगतो की अंधार असतो, मेणबत्त्या असतात, आणि समोर बायबल असतं. प्रत्येक घरात एक ‘चॅप्लन’ असतो, म्हणजे प्रार्थना सांगणारा, आमच्यातलाच एक पोरगा. आदल्या दिवशी तो माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, ‘तू बायबलवर हात ठेवून काही म्हणालास तर त्याला अर्थ नाही. तुझं पुस्तक आण.’ माझ्याकडे एकच होतं. निघताना आजीने शर्टाच्या खिशात कोंबलेली पोथी, तळहाताएवढी, कोपरे कुंकवाने लाल झालेले. आजी माळकरी, दर आषाढीला पंढरीला पायी जाणारी. मी ती पोथी वर्षभरात उघडलीसुद्धा नव्हती. तिच्यावर हात ठेवून शपथ घेतली. खोलीवर आल्यावर वाटलं, जे वाचलंच नाही त्याच्यावर हात ठेवून आपण काय केलं हे? त्या रात्री कोल्ड डॉर्ममध्ये रजईत टॉर्च लावून पोथी वाचायला घेतली. देव भेटला वगैरे काही नाही. शब्दसुद्धा निम्मे कळले नाहीत.

आजीला पत्रात हे सगळं कळवलं, जरा फुशारकीनेच. ती चिडेल असं वाटलं होतं. शेजारच्या मुलीकडून तिने उत्तर लिहून घेतलं. मुलीने तिचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते: ‘कुणाफुडं घेतलीस ते आसू दे. घेतलीस न्हवं? मग पाळ की.’ तिच्या लेखी माळ घालणं म्हणजे तेच होतं. एकदा घातली की एकादशी आली, मांसमच्छी सुटलं, खोटं सुटलं. काय वाटतं हा प्रश्नच नाही. तेव्हापासून माझा देवधर्म हा असा आहे. शिकागोजवळच्या लेमाँटचं राममंदिर 1986 मध्ये झालं तेव्हापासून तिथे जातो, पण गाभाऱ्यापेक्षा पाण्याच्या नळांकडे माझं लक्ष जास्त. एकादशी करतो. श्रद्धा आहे का, असं विचारलंत तर सांगता येणार नाही. आणि मक्याच्या शेतातली रात्र ती शपथ घेतल्यानंतरची आहे, आधीची नाही. आजीला ते मी कधीच कळवलं नाही.

एक राहिलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेलं. आमचं जुनं घर पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात. इकडे आमच्या भावांनी दोन दिवसांत बरीच रक्कम जमवली. दादाला फोन केला. तो म्हणाला, ‘तुझ्या भावांचे पैसे नकोत. तू ये.’ गेलो. चिखल ओढण्यात आठ दिवस गेले. बैठकीत एक तसबीर होती. 1982 साली मी वडिलांना पाठवलेली, आमच्या घरातल्या सगळ्या पोरांचे लंबगोल फोटो एका चौकटीत, काळेपांढरे, सगळ्यांना मिशा. मधोमध पाण्याची रेघ उमटलेली. दादा ती ओल्या फडक्याने पुसत होता. म्हणाला, ‘सदतीस वर्षं बघतोय. ह्यात तू कुठला ते अजून सापडत नाही.’ मी बोट ठेवून दाखवलं. खाली नाव छापलं होतं तेही चुकीचं.

तर सोमवार. ती मुदत त्यांनी घातलेली आहे. विचार करायला आठवडा मागितला आणि बिड काढून घेतली, तर उत्तर फुकटात मिळालं. घराचा करार मुलाला सही करायच्या आधी पूर्ण वाचायला सांगा. बऱ्याच ठिकाणी मध्येच सोडलं तरी वर्षाचं भाडं द्यावं लागतं. सुट्टीत घरात कोण राहतं आणि काही झालं तर नंबर कुणाचा, हे विचारा. स्वयंपाकघर बघून यायला सांगा, आणि स्वयंपाक करणाऱ्याशी पोरं कशी बोलतात तेही. आणि गेल्या दोन वर्षांत मध्येच सोडून गेलेल्या एका मुलाचा फोन नंबर मागायला लावा. दिला, तर त्याच्याशी मुलाने स्वतः बोलावं, तुम्ही नाही. ‘आमच्याकडून कुणी गेलंच नाही’ असं म्हणाले, तर मला परत लिहा.